पुतण्याला फुकेतमध्ये व्हॅनवर बार टाकायचाय, जमीन विकून पैसे द्यावेत का?

मांजराकाठ
मंडळी, परदेशातल्या धंद्याची आणि कायद्याची माहिती असणाऱ्यांनी जरा सविस्तर लिहा. घाईचं आहे.

आमचं गाव केज तालुक्यात. थोरल्या भावाचा मुलगा संभाजीनगरला हॉटेल मॅनेजमेंट करून थायलंडला गेला. फुकेतच्या एका मोठ्या हॉटेलात रेस्टॉरंटला सुपरवायझर आहे. व्हिसा, वर्क परमिट सगळं हॉटेलनंच काढून दिलं. पोरगं कष्टाळू आहे, दर महिन्याला घरी पैसे येतात. आता तो म्हणायलाय की नोकरी सोडायची, जुनी व्हॅन घ्यायची आणि तिच्यावर बार टाकायचा. बाजूचं दार वर उचललं की खाली लाकडी काउंटर, आत बर्फाची पेटी, मागं बाटल्यांची मांडणी, वर दिव्यांची माळ. रोज संध्याकाळी बीचजवळ आणि शनिवार-रविवारी नाइट मार्केटला. तसल्या गाड्यांचे व्हिडिओ पाठवलेत त्यानं.

गाडी आणि परवाना तिथल्या एका सहकाऱ्याच्या नावावर राहणार, पैसा सगळा आपला, नफा निम्मा-निम्मा. त्याला १८ लाख पाहिजेत. भाऊ नदीकडचं दीड एकर काढायला निघालाय. गिऱ्हाईक तयार आहे, इसार झालेला नाही.

माझा प्रश्न एवढाच. आपल्या पोराला तिकडं फिरत्या गाडीवर दारू विकता येते का? आणि दुसऱ्याच्या नावावर केलेला धंदा कायद्यात टिकतो का? भावाला माझं नुसतं 'नको' पटणार नाही. कारण सांगावं लागेल.

नांदेडचा_शेफ
काका, नाउमेद करू नका पोराला. बँकॉकला सुखुमवित रस्त्याच्या कडेनं जुन्या फोक्सवॅगन व्हॅनचे बार मी स्वतः बघितलेत, गर्दी असते. हॉटेलात बारा-बारा तास उभं राहून किती दिवस दुसऱ्याचं भरायचं? ज्याच्या हातात कला आहे त्यानं स्वतःचं काहीतरी उभं करावंच. तिथल्या माणसाला भागीदार घेतला की झालं, सगळे असंच करतात.

अंदमान_किनारा
मूळ परभणीचा, बरीच वर्षं थायलंडमध्ये हॉटेल लाइनमध्ये आहे. 'सगळे असंच करतात' यावर विश्वास ठेवून पैसे घालवलेली माणसं मी जवळून बघितलीत, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी धंद्याचं. थायलंडचा परकीय व्यवसाय कायदा १९९९ चा आहे. परदेशी माणसानं कुठले धंदे करायचे नाहीत याच्या त्यात तीन याद्या आहेत. खाद्यपदार्थ आणि पेयं विकणं तिसऱ्या यादीत येतं. म्हणजे खास परवानगी काढल्याशिवाय परदेशी माणसाला किंवा ज्या कंपनीत निम्मा किंवा जास्त पैसा परदेशी आहे तिला हा धंदा करता येत नाही. यात दारूचा संबंधच नाही. उद्या तुमच्या पुतण्यानं पोहे आणि चहा विकायचं ठरवलं तरी हाच कायदा लागू.

आता कामाचं. तिथं परदेशी लोकांना बंद असलेल्या कामांची वेगळी यादी आहे. काही कामं फक्त थाई नागरिकांसाठी राखीव ठेवलीत. त्यात फिरून माल विकणं आहे आणि वाहन चालवण्याचं कामही आहे. व्हॅनवरच्या बारमध्ये नेमकी हीच दोन कामं येतात! दुकानाच्या काउंटरवर विक्री करायची मुभा म्यानमार, लाओस, कंबोडियासारख्या शेजारी देशांतून सरकारी कराराखाली आलेल्या कामगारांना मिळते. आपण त्यात बसत नाही. हॉटेलचं वर्क परमिट खिशात आहे म्हणून संध्याकाळी स्वतःच्या गाडीवर ग्लास भरता येईल असंही नाही. सापडला तर ५,००० ते ५०,००० बाट दंड, देशाबाहेर रवानगी आणि पुढं दोन वर्षं नवं परमिट नाही. दंड भरून होईल हो, पण आज हातात असलेली चांगली नोकरी आणि तिथलं नाव दोन्ही जाईल.

आणि शेवटी दारूचं. २००८ च्या मद्य नियंत्रण कायद्यात विकायच्या पद्धतींवर बंधनं आहेत, त्यात फेरी करून दारू विकायला सरळ मनाई आहे. विहार, शाळा-कॉलेज, सरकारी कार्यालयं, पेट्रोल पंप, सरकारी बगिचे या जागी विक्री बंद. २० वर्षांखालच्याला द्यायची नाही. परवाना मिळतो तो ठरावीक पत्त्यावरच्या ठरावीक जागेसाठी.

शेफ, तुम्ही बघितलेल्या गाड्या खोट्या नाहीत. पण त्यांचे मालक थाई असतात. कितीतरी गाड्या कधी हलतच नाहीत, खासगी आवारात कायमच्या उभ्या असतात आणि परवाना त्या आवाराचा असतो. रस्त्याच्या कडेला ज्या लागतात त्या मोहीम निघाली की गायब होतात.

मांजराकाठ
एवढं कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. मग सहकाऱ्याच्या नावावर ठेवलं तर? पुतण्याचं म्हणणं आहे की कागदावर तो कुठंच नाही, म्हणजे त्याच्यावर काही येणार नाही.

अंदमान_किनारा
काका, याला तिकडं नॉमिनी म्हणतात आणि तो स्वतंत्र गुन्हा आहे. परदेशी माणसासाठी आपलं नाव वापरू देणाऱ्या थाई माणसाला आणि नाव वापरणाऱ्या परदेशी माणसाला, दोघांनाही तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा १ लाख ते १० लाख बाट दंड किंवा दोन्ही. २०२४ पासून सरकारनं अशा नॉमिनी धंद्यांची तपासणी वाढवलीय आणि पर्यटकांची गावं त्यात पुढं आहेत. फुकेत तर आहेच.

कागदावर नाव नाही याचा दुसरा अर्थ बघा. उद्या त्या सहकाऱ्यानं गाडी विकली, त्याचं लग्न मोडलं, त्याच्यावर कर्ज निघालं, तर गाडी त्याची. पुतण्या कोर्टात काय सांगणार? पैसे माझे होते म्हणाला तर स्वतःच गुन्हा कबूल केल्यासारखं.

वकील_खंडपीठ
मी संभाजीनगरला वकिली करतो, उत्पादन शुल्काच्या केसेस बऱ्याच असतात. थायलंडच्या कायद्यावर वरचे सद्गृहस्थ नीट सांगत आहेत. मी आपल्या बाजूचं लिहितो, कारण ते समजलं की भावाला तिकडचं पटवणं सोपं जाईल.

आपल्याकडेही दारूचा परवाना जागेला चिकटलेला असतो. परमिट रूमचा एफएल-३ घ्या किंवा बिअर शॉपीचा एफएल-बीआर-२ घ्या. अर्जासोबत जागेचा नकाशा लागतो, चतुःसीमा लागतात, शाळा आणि देवळापासूनचं अंतर मोजलं जातं. शेजारच्या गाळ्यात दुकान हलवायचं तरी स्थलांतराची मंजुरी घ्यावी लागते. लग्नात किंवा कार्यक्रमात द्यायची तर एका दिवसाचा तात्पुरता परवाना आहे, तोही त्या हॉलसाठी, त्या तारखेसाठी. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत विक्री बंद केली आणि १ एप्रिल २०१७ ला आपल्या भागातल्या कितीतरी हायवेवरच्या बारना टाळं लागलं. छोट्या गावांसाठी अंतर २२० मीटर ठेवलं. मालक तोच, परवाना तोच, पण जागा नियमात बसेना म्हणून धंदा बंद.

गाडीवरून विकलं तर आपल्याकडे काय होतं ते तुम्ही रोज पेपरात वाचता. 'वाहनासह मुद्देमाल जप्त'. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९, कलम ६५. गाडी सोडवायला लोक माझ्याकडे येतात तेव्हा ती पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात उभी असते, टायर बसलेले असतात, आणि कर्जाचे हप्ते चालूच असतात.

सरकारला दारूची जागा ठाऊक पाहिजे असते. कर तिथून गोळा होतो, कोणी दारू कोणाला दिली ते तिथं तपासता येतं, भांडण झालं तर जबाबदार कोण ते तिथं सापडतं. गाडी आज इथं आणि उद्या तिथं. म्हणून जगभर कायदा गाडीकडे संशयानं बघतो, आणि त्यात विकणारा परदेशी असला तर आणखी.

उदगीरची_लेक
सर, 'जगभर' यात थोडी भर घालते. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते आणि लग्नाकार्यात खाणं-पिणं पुरवणाऱ्या कंपनीत काम करते. आमच्याकडे घोडे वाहून न्यायच्या जुन्या गाड्यांचे बार करतात, तीनचाकीचे करतात, आणि ते रीतसर चालतात. पण कसे, ते ऐका.

इंग्लंड-वेल्सचा लायसन्सिंग अ‍ॅक्ट २००३ चा. त्यात गाडीलाही 'जागा' मानता येतं, फक्त ती जिथं उभी करणार त्या ठिकाणची जागा म्हणून. म्हणजे परवाना त्या कोपऱ्याचा, त्या मैदानाचा. दुसऱ्या गावात गाडी लावली तर तिथला परवाना वेगळा. आणि चालत्या गाडीवरून किरकोळ विक्री केली तर तो गुन्हा, कलम १५६.

म्हणून आम्ही बहुतेक वेळा तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस देतो. फी २१ पौंड, एका वेळी जास्तीत जास्त ४९९ माणसं त्यात कर्मचारी धरून, आणि एक कार्यक्रम १६८ तासांपर्यंत. कामकाजाचे १० दिवस आधी कौन्सिलला द्यावी लागते. पोलीस आणि पर्यावरण आरोग्य खातं हरकत घेऊ शकतं. ज्याच्याकडे दारू विकण्याचा वैयक्तिक परवाना आहे त्याला वर्षाला ५० नोटिसा देता येतात, नसेल त्याला ५. रस्त्यावर लावायची तर कौन्सिलची स्ट्रीट ट्रेडिंगची संमती परत वेगळी.

आता परदेशी माणसाचं. एप्रिल २०१७ पासून वैयक्तिक परवाना मागताना ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क दाखवावा लागतो. आपली मुलं इकडे शिकायला येतात त्यांना स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही, २१ पौंडांची नोटीससुद्धा त्यांच्या कामाची नाही. शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की करता येतो. माझ्या ओळखीच्या लातूरच्या मुलीनं तसंच केलं. पण दोन वर्षं आमच्याकडे नोकरी करून, परवान्याची परीक्षा देऊन, मग. आधी घाई केली असती तर व्हिसाच गेला असता.

काका, पुतण्याला देशच बदलायचा असेल तर हेही सांगा की अमेरिकेचा ई-२ गुंतवणूकदार व्हिसा भारतीयांना मिळत नाही, आपला त्यांच्याशी तसा करार नाही. काही एजंट ते लपवतात.

गोदाकाठ_पैठण
मला यात कोणी एक साधी गोष्ट विचारताना दिसत नाही. जमीन विकून दारूचा धंदा कशाला? आमच्या शेजारच्या गावात बायांनी अर्ज-विनंत्या करून, मतदान लावून आडवी बाटली, म्हणजे दारूबंदीचं चिन्ह, निवडून आणली. निम्म्याहून जास्त बायांची मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हाताऱ्या बाया काठी टेकत आल्या मताला. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला बिअर-दारूच्या कारखान्यांचं पाणी कापायचा आदेश द्यावा लागला. ज्या मातीनं हे सगळं बघितलं ती विकून तिकडं बाटल्या मांडायच्या, हे मनाला पटत नाही.

मांजराकाठ
तुमचं दुःख समजतं. आमच्या घरातही दारूनं एक माणूस गेलाय, म्हणून आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. पण पोरगं ज्या लाइनमध्ये शिकलं, त्यात बार हा विषयच होता परीक्षेला. त्याला मी कमी लेखणार नाही. मला त्याचा पाय अडकू द्यायचा नाही.

वकील_खंडपीठ
आता पैशाचं, कारण ते राहून गेलं.

रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या एलआरएस योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तेव्हा १८ लाख मर्यादेतच आहेत. शिक्षण-उपचार सोडून इतर कारणासाठी वर्षाला १० लाखांच्या वर रक्कम गेली की वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. एकट्या भावाच्या खात्यातून एकाच वर्षात गेले तर ८ लाखांवर १ लाख ६० हजार तिथंच अडकतील. ते नंतर विवरणपत्रात मिळतात, पण हातात लगेच येत नाहीत.

खरी अडचण वेगळी आहे. बँक पैसे पाठवण्याचं कारण लिहून घेते. धंद्यात गुंतवणूक म्हणाल तर २०२२ चे परदेशातल्या गुंतवणुकीचे नियम लागू होतात, फॉर्म भरावा लागतो, कंपनीची कागदं आणि तुमचे शेअर दाखवावे लागतात. तुमच्या व्यवहारात शेअरच नाहीत! मग मुलाला मदत म्हणून पाठवणार आणि तो ते दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत घालणार. उद्या परत आणायची वेळ आली तर हा पैसा कशाचा होता, याचं उत्तर दोन्ही देशांत देता येणार नाही.

आणि जमीन. ती वडिलोपार्जित असेल तर भावाच्या एकट्याच्या सहीवर भागणार नाही, बहिणींचे हिस्से बघा. दुसरं, भावाकडे त्या दीड एकराशिवाय दुसरी शेती आहे का? मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळ कायदा लागू आहे. बिगर शेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला परवानगी लागते. शेवटचा तुकडा विकलेल्या माणसाला परत शेतकरी म्हणून उभं राहताना किती कागद काढावे लागतात ते मी रोज बघतो.

बर्फाची_पेटी
काका, मीच तो. बहिणीनं लिंक पाठवली. नाव कळलं नाही तरी केज, फुकेत आणि व्हॅन म्हटल्यावर घरातल्यांना कळायचंच.

मला राग आलेला नाही. पण माझी बाजू लिहितो. ज्याच्या नावावर करायचं तो सहकारी माझ्यासोबत एकाच शिफ्टला आहे, माझ्या आजारपणात त्यानंच सगळं बघितलं. तो फसवणार नाही. व्हॅनवाल्याला मी ३०,००० बाट आगाऊ दिलेत. आणि समजा दारू काढून टाकली, नुसते मॉकटेल आणि आपली पाणीपुरी ठेवली, तर चालेल ना? दारूचे सगळे नियम तर मग लागणार नाहीत.

अंदमान_किनारा
भावा, बरं केलं आलास. सहकारी चांगला असेल यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच सांगतो, तू त्याला तुरुंगाच्या कलमात ओढायलास. नॉमिनीत सगळ्यात आधी त्याच्याच घरी नोटीस जाते. त्याला हे कलम माहीत आहे का, शांतपणे विचार.

दारू काढली तर मद्य नियंत्रण कायदा सुटतो. बाकीचे दोन तसेच. पेयं-खाद्य विकणं तिसऱ्या यादीत आहेच, आणि फेरीविक्री व गाडी चालवणं तुला बंद आहेच. पाणीपुरीची गाडी तुझ्या सहकाऱ्यानं स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या मालकीची काढली आणि तू त्याला मसाला कसा करायचा ते सुट्टीच्या दिवशी घरी बसून शिकवलंस, तर कोणी काही म्हणणार नाही. त्यात तुझा धंदा मात्र होत नाही.

रीतसर करायचं तर असं आहे. कंपनी काढायची, त्यात ५१ टक्के किंवा जास्त थाई भागीदाराचे आणि त्याचा पैसा खरोखर त्यानं घातलेला. तुझ्या एका वर्क परमिटमागं साधारण २० लाख बाट भांडवल आणि चार थाई कर्मचारी. आजच्या भावानं ते ५० लाख रुपयांच्या वर जातं. एक पक्की जागा भाड्यानं, परवाना त्या जागेचा. काउंटरवर थाई कर्मचारी, आणि तू व्यवस्थापक म्हणून मागं. व्हॅन पाहिजेच असेल तर त्या आवारात उभी कर, लोक फोटो काढतील. १८ लाखांत आणि एकट्याच्या जिवावर हे बसत नाही.

नांदेडचा_शेफ
मी वर जे लिहिलं ते नुसतं बघून लिहिलं होतं. भागीदारीचं गणित एवढं असेल तर अठरा लाख घालू नको. तुझ्या हॉटेलात बेव्हरेज मॅनेजरच्या जागेसाठी प्रयत्न कर. त्या अनुभवावर उद्या इकडं संभाजीनगरला किंवा पुण्याला पक्क्या जागेचं रेस्टॉरंट काढता येईल. मेनू लिहायला मी येतो, खरंच.

बर्फाची_पेटी
सहकाऱ्याशी आत्ता बोललो. त्याला कलम माहीत नव्हतं. त्याच्या बायकोला माहीत होतं आणि तिनं आधीच नको म्हटलेलं, ते त्यानं मला सांगितलं नव्हतं. नोकरीचा राजीनामा मी दिलेला नाही. व्हॅनवाला ३०,००० पैकी निम्मे परत द्यायला तयार आहे. त्याचं म्हणणं, सही केलेल्या कागदात तसं लिहिलंय. कागद थाई भाषेत आहे.

अंदमान_किनारा
त्या कागदाचा फोटो मला खासगी निरोपात पाठव, इथं टाकू नकोस. माझ्या ऑफिसात थाई वाचणारी हिशेबनीस आहे, ती बघून सांगेल. तोपर्यंत दुसऱ्या कशावर सही करू नकोस आणि निम्मे मिळाले म्हणून पावतीवर 'हिशेब पूर्ण' असं लिहून देऊ नकोस.

मांजराकाठ
भावाला सगळा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. वकीलसाहेबांचं बहिणींच्या हिश्श्याचं वाचल्यावर तो गप्पच झाला, कारण धाकट्या बहिणीला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाला सकाळी फोन करून नाही सांगितलंय.

वकीलसाहेब, सातबाऱ्यावर अजून आमच्या वडिलांचंच नाव आहे, वारस लागलेले नाहीत. त्याला आधी तलाठ्याकडं जायचं का थेट तहसीलला?

वकील_खंडपीठ
आधी तलाठ्याकडं. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि नातं लिहिलेलं शपथपत्र, आणि अर्ज. बहिणींची नावं गाळू नका. फेरफार पडला की मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. हरकत आली तरच पुढं प्रकरण जातं. कागद जमले की मला निरोप टाका, मी बघून देतो.